घंटा नसलेला मनोरा

नाशकात गोदावरीला पूर आला की पाणी किती फूट चढलं, हे कोणी विचारत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, हे आधी विचारतात; आणि नदी फारच बिथरली तर नारोशंकराच्या घंटेचं नाव निघतं. नारोशंकर राजेबहाद्दरांचं हे शिवालय १७४७चं. दर्शनी भागात टांगलेल्या घंटेवर मात्र साल आहे १७२१. म्हणजे घंटा देवळापेक्षा सव्वीस वर्षांनी थोरली. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशीच एक आहे. ‘स्वदेस’ सिनेमात तो घाट दिसल्यापासून तिथे फोटो काढणाऱ्यांची वर्दळ असते. त्यातले थोडेच वाकून बघतात, की घंटेवर १७०७ हा आकडा आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियाही आहे. तिसरी घंटा भीमाशंकरला. श्रावणी सोमवारी हजारो माणसं तिच्याजवळून ओंकार म्हणत पुढे सरकतात.

तिन्ही वसईच्या चर्चमधल्या. वसईचे ख्रिस्ती लोक घरात बोलताना चर्चला ‘देऊळ’च म्हणतात, त्यामुळे त्यांच्या बोलीत सांगायचं तर या घंटा एका देवळातून दुसऱ्या देवळात गेल्या. ज्या शहराच्या चर्चमधून त्या उतरल्या, त्या शहराचं मुख्य चर्च म्हणजे सेंट जोसेफचं. त्याचा मनोरा अजून उभा आहे, रिकामा.

आम्हा बोईसर-तारापूरवाल्यांना वसई म्हणजे आपल्याच जिल्ह्याचं दक्षिण टोक. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला तेव्हा कागदावरही ते ठरलं. डहाणूची लोकल बोईसरला पकडायची, विरारच्या गर्दीतून वाट काढायची, वसई रोडला उतरून पापडीवरून किल्ल्याकडे जायचं. तिथले लोक ‘किल्ला’पेक्षा ‘कोट’ म्हणतात आणि तोच शब्द बरोबर आहे. कारण हा डोंगरावरचा किल्ला नव्हे. साधारण ११० एकरांचं शहर होतं आणि त्याला तट घातला होता. जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरलं की रस्ता सरळ किल्लाबंदरकडे, समुद्राकडच्या दरवाजाला जातो. त्या टोकाला सेंट जोसेफ. दर्शनी भिंतीच्या डाव्या-उजव्या अंगाला जोड मनोरे असतात तसे इथे नाहीत. एकच चौकोनी मनोरा, बरोबर मध्ये, प्रवेशाच्या डोक्यावर. त्याच्या पोटातून आत जायचं. आत गेल्यावर डोकं आपोआप वर होतं आणि वर आभाळ असतं.

गॉथिक म्हटलं की आपल्याला मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आठवतं. ते इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात हौसेनं परत आणलेलं गॉथिक. अस्सल गॉथिक मध्ययुगातलं. टोकदार कमानी, छताला आतून बरगड्या, भिंतीचा भार पेलणारे बाहेरचे टेकू. उत्तर जर्मनीत लुबेकसारख्या व्यापारी शहरांना जवळ चांगला दगड मिळेना, म्हणून त्यांनी तेच विटांत उभं केलं. लुबेकच्या मधोमध असलेलं सेंट मेरीचं चर्च हा त्या विटेरी गॉथिकचा नमुना. पोर्तुगालात राजा मानुएल याच्या काळात, म्हणजे १४९५ ते १५२१ या वर्षांत, गॉथिकनं शेवटचा सूर लावला. कमानींना पिळाचे दोर, लाटा, जहाजांची चिन्हं आली. वसईला पोर्तुगीज आले तेव्हा युरोपात ही फॅशन उतरणीला लागली होती, पण गवंड्याच्या हाताची सवय राजाबरोबर मरत नाही. कोटातल्या फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये बरगडीदार छताचे अवशेष आणि मानुएलच्या वळणाचा दरवाजा अजून दिसतात. तिथून थोडं चालून जेझुइटांच्या चर्चपुढे उभं राहिलं की ग्रीक-रोमन खांबांची देखणी, मापात बसवलेली दर्शनी भिंत लागते. गॉथिक संपून रेनेसान्स कसा सुरू झाला, हे कळायला युरोपात शहरं पालथी घालावी लागतात. वसईत तेवढंच अंतर पायी अर्ध्या तासात कापता येतं.

पोर्तुगीजांना वसई मिळाली ती दुसऱ्याच्या अडचणीमुळे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्या पाठीस हुमायून लागला होता. दोन शत्रूंना एकदम तोंड देणं जमेना, तेव्हा त्यानं समुद्रावरच्या शत्रूला गप्प करायचं ठरवलं. २३ डिसेंबर १५३४ रोजी ‘सां मातेउस’ या जहाजावर पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी तह झाला आणि वसई, साष्टी, मुंबईची बेटं हा सगळा पट्टा गुजरातच्या हातून गेला. मुंबईचं नाव त्या यादीत शेपटासारखं होतं. वसई हे खरं घबाड होतं. बंदर, भाताची खाचरं, बागायत, जहाजबांधणीला लाकूड आणि बांधकामाला काळा दगड. पुढे गोव्यातल्या बॉम जेझुसच्या बासिलिकेला लागलेला दगड वसईहून समुद्रमार्गे गेला. ज्या चर्चचं चित्र गोव्याच्या प्रत्येक कॅलेंडरवर असतं, त्याचा काळा चेहरा आपल्या कोकणपट्टीतला आहे.

बालेकिल्ला १५३६मध्ये सुरू झाला. चर्चला दहा वर्षं उशीर झाला. गोव्याचा व्हिकार जनरल मिगेल वाझ लिस्बनला जाऊन राजासमोर गाऱ्हाणी मांडून आला होता, की हिंदुस्थानातले पोर्तुगीज अंमलदार व्यापारात इतके गुंतले आहेत की धर्माकडे त्यांचं लक्ष नाही. त्यावर तिसऱ्या जुआंव राजानं ८ मार्च १५४६ रोजी गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याला पत्र धाडलं. वसईला सेंट जोसेफच्या नावानं चर्च बांधावं, तिथे व्हिकार आणि त्याच्या हाताखाली पाद्री नेमावेत, आणि पूर्वी मशिदींच्या खर्चाला जाणारा पैसा ख्रिस्ती कामाकडे वळवावा. या एका पत्रात पुढच्या दोनशे वर्षांचा ताळेबंद आहे. जमीन राजाची, महसूल राजाचा आणि त्यावर उभा राहणारा देवही राजाच्या हुकुमानं.

बांधणारे हात मात्र इथलेच होते. इतिहासाच्या पुस्तकांत राजे, गव्हर्नर, आर्चबिशप येतात. दगड घडवणारे येत नाहीत. त्यांची खूण भाषेत राहिली. बांधकामावर ‘घमेलं’ उचललं जातं आणि शनिवारी ‘पगार’ मिळतो, हे दोन्ही शब्द पोर्तुगीज. बोईसरच्या एमआयडीसीत आज जी नवी शेड उभी राहतेय तिच्यावरही घमेलं आणि पगार याच नावांनी काम चालतं.

१५४६च्या हुकुमाचं चर्च लवकरच लहान पडू लागलं. शहर वाढलं होतं. डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथानं कोटात आपापलं चर्च आणि मठ उभारला. पंथांमधली ही चढाओढ भक्तीची होती तशी प्रतिष्ठेचीही होती, आणि शहराचं मूळ चर्च, ‘मात्रिझ’, मागे पडून चालणार नव्हतं. १६०१मध्ये ते नव्यानं वाढवून बांधलं गेलं. तसा शिलालेख तिथे होता. त्यावर दोन नावं होती, गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस आणि इथला व्हिकार पेद्रू गाल्वांव परेरा. मेनेझिस म्हणजे केरळातल्या पुरातन सिरियन ख्रिस्त्यांना १५९९च्या उदयंपेरूर सभेत रोमच्या शिस्तीत बसवणारा माणूस. गाल्वांवबद्दल मला जास्त आपुलकी वाटते. तो गोव्याला मार्च १६१८मध्ये वारला. त्याच्या अस्थी मात्र वसईला आणून या चर्चमध्ये पुरल्या, आणि ‘हे देऊळ वाढवणारा’ अशी त्याची ओळख दगडावर कोरली. आर्चबिशपला शिलालेख मिळाला, व्हिकाराला जमीनही.

त्याच १६१८च्या मे महिन्यात वसईवर वादळ आदळलं. आधी रोगराई, मग दुष्काळ आणि त्यावर १५ मेचं हे तुफान. झाडं मुळासकट गेली, चर्च आणि मठांची छपरं उडाली. अरबी समुद्राचं मे महिन्यातलं तुफान काय करतं, हे आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना वेगळं सांगायला नको. छपरं पुन्हा चढली. पैसा होता तोवर ती चढत राहिली.

कोटाच्या आतलं जग श्रीमंत होतं. फिदाल्गो म्हणजे खानदानी पोर्तुगीज; त्यांची दुमजली घरं, पालख्या, रेशमी छत्र्या. १६७५च्या सुमारास आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर यानं सहा चर्च, चार मठ आणि दोन महाविद्यालयं मोजली. तटाच्या बुरुजांनाही संतांची नावं होती. सेंट सेबॅस्टियन, सेंट पीटर, सेंट पॉल, रेमेदियुसची मरिया. एका बुरुजाचं नाव मात्र ‘एलेफांते’, हत्ती. एवढ्या संतमंडळीत तो कसा घुसला कोण जाणे, पण मला तो आवडतो.

पण तट या शब्दाला दोन बाजू असतात. १६७४मध्ये मस्कतचे सुमारे सहाशे अरब वसईच्या किनाऱ्यावर उतरले. पोर्तुगीज शिबंदी दरवाजे लावून कोटात बसून राहिली आणि अरबांनी बाहेरची चर्च एकामागून एक लुटली. या प्रसंगात सगळी वसई सामावलेली आहे. कोटाबाहेर सांडोर, पापडी, निर्मळ, नंदाखाल, रमेदी इथे गावागावांत देवळं होती. तिथे मिस्सेला जाणारे लोक पोर्तुगीज नव्हते. ते इथलेच सामवेदी, वाडवळ, कोळी, शेतकरी. त्यांच्या आजा-पणज्यांनी धर्म बदलला होता; शेती, बोली, लुगडं आणि लग्नातली गाणी बदलली नव्हती. धर्मात समान असलेले हे लोक तटाच्या हिशेबात बाहेरचे होते.

या बाहेरच्या लोकांतून एक जण सर्वांच्या पुढे गेला. गोन्सालो गार्सिया, १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्मलेला. बाप पोर्तुगीज, आई इथली. कोटातल्या जेझुइटांकडे शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा आत्मसात केली, व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. रोमनं त्याला संतपद दिलं ते १८६२मध्ये. हिंदुस्थानात जन्मलेला पहिला संत. तोवर त्याच्या शाळेच्या जागी रानटी झुडपं उगवली होती.

सतराव्या शतकाच्या शेवटी शहराचा कस उतरलेला होता. १६९५मध्ये आलेल्या जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाला प्लेगनं शहराचा एक भाग ओस पडलेला दिसला. हिंदी महासागरावर डच आणि इंग्रज बसले होते. मुंबई १६६१च्या विवाहकरारात इंग्रजांना गेली होती, आणि शेपटासारखं ते बेट वसईचा व्यापार ओढून घेत होतं. उत्पन्न घटलं, पण सक्ती घटली नाही. देवळं पाडणं, हिंदू विधींवर बंदी, इन्क्विझिशनचा दरारा, जमिनीवरचे कर. निर्मळच्या पुरातन तीर्थाची तर पार मोडतोड झाली होती. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखे स्थानिक वतनदार पुण्याकडे खेपा घालू लागले, की या प्रांताला सोडवा. त्या खटपटीची हकीगत नाईकांच्या घराण्यानं जपली. आजही वसईच्या मोहिमेबद्दल लिहिताना बाजीराव-चिमाजींनाच सगळा मान मिळतो. पण वाटा, उतार, भरती-ओहोटीच्या वेळा, तटाचे कच्चे दुवे ही माहिती शनिवारवाड्यात तयार होत नसते.

मार्च १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि साष्टी त्यांच्या हाती आली. वसई मात्र पहिल्या धडकेत पडली नाही. जमीन चिखलाची, तीन बाजूंना पाणी, आणि समुद्रावर पोर्तुगीजांचा वावर. १७३८च्या अखेरीस चिमाजी अप्पा स्वतः आले, आणि त्यांनी वसईकडे न वळता आधी उत्तरेचं काम हाती घेतलं. म्हणजे आमचा मुलूख. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू ही पोर्तुगीज ठाण्यांची माळ वसईला दमणशी जोडत होती. ती तुटल्याशिवाय वसई एकटी पडणार नव्हती. जानेवारी १७३९मध्ये ही ठाणी भराभर पडली.

भराभर म्हटलं खरं, पण तारापूर स्वस्तात गेलं नाही. तारापूरच्या कोटातही डॉमिनिकनांचा मठ होता. छोटं का होईना, तेही वसईच्याच साच्याचं गाव होतं. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लावले, खिंडार पडलं, आत हातघाईची लढाई झाली. बाजी भिवराव रेठरेकर इथे पडले. पेशव्यांच्या घरात ते भावासारखे वागवले जात. त्यांच्या आईला बाजीरावांनी लिहिलेलं सांत्वनाचं पत्र मराठी कागदपत्रांतल्या हळव्या पत्रांपैकी एक आहे. आज तारापूर म्हटलं की लोकांना १९६९चं अणुवीज केंद्र आठवतं. किल्ला नारळी-सुपारीच्या झाडीत आहे. पेशवाईच्या अखेरीस तो विकाजी मेहरजी या पारशी गृहस्थाला इनाम मिळाला, आणि ज्या भिंतीखाली सुरुंग फुटले होते तिच्या आत बागायत झाली. लहानपणी आम्ही तिथे खेळायला जायचो, तेव्हा खिंडार कुठलं आणि पडझड कुठली हे कळत नसे. अजूनही कळत नाही.

फेब्रुवारी १७३९मध्ये वसईला वेढा पडला आणि तीन महिने चालला. आतल्या लोकांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. दारूगोळा थोडाफार मिळाला. रोख पैशाचा प्रश्न आला तेव्हा इंग्रजांनी पंधरा हजार रुपये दिले, पण तारण घेऊन. तारण काय, तर चर्चमधली चांदी आणि काही पितळी तोफा. मिस्सेचे पेले, दिवे, तबकं मुंबईच्या इंग्रजांकडे गहाण पडली. शेजारी संकटात असताना गहाण मागणारा सावकार गावोगाव असतो, पण एका ख्रिस्ती सत्तेनं दुसरीच्या वेदीवरची भांडी ठेवून घ्यावीत, याचा अर्थ वेढ्यातल्या लोकांना नीट कळला असणार. वसई कोणाची होते यापेक्षा ती पोर्तुगीजांकडून जाते आहे, हे मुंबईकरांना पुरेसं होतं.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात सुरुंग उडू लागले. काही मराठ्यांच्याच अंगावर फुटले आणि दगडांच्या माऱ्यात माणसं दबली. शेवटी सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं. आतला सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिस आधीच मारला गेला होता. १६ मे रोजी शरणागती लिहिली गेली, २३ मेला पोर्तुगीज बाहेर पडले. चिमाजींच्या बाजूचं नुकसान, मेलेले आणि जखमी धरून, पाच हजारांच्या घरात होतं. आतल्या लोकांचं आठशेच्या आसपास. वसईचा विजय आपण मिरवतो, तेव्हा हा पाच हजारांचा आकडा जरा खालच्या आवाजात सांगितला जातो.

शरणागतीच्या अटी बघण्यासारख्या आहेत. सैन्यानं हत्यारांसह, निशाणं फडकवत, ढोल वाजवत बाहेर पडावं. जंगम मालमत्ता न्यायला आठ दिवस मुदत. मागे राहतील त्या ख्रिस्त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक. तीन महिने रक्त सांडल्यावर असा तह लिहिता येतो, याचं श्रेय चिमाजींना द्यायला हवं. आणि याच अटींमुळे पुढची गोष्ट वेगळी झाली.

जिंकणाऱ्यांनी काय नेलं? घंटा. चर्चमधल्या काशाच्या जड घंटा मनोऱ्यांवरून उतरवून बोटींनी आणि गाड्यांनी देशावर गेल्या. मेणवलीची घंटा साडेसहाशे किलोंची सांगतात. ती घाट चढून वाईला पोहोचवणं ही स्वतंत्र मोहीमच म्हणायची. घंटाच का? एक तर काशाला किंमत होती. शिवाय तोफ कुणाचीही असते, घंटा त्या गावाची असते. तिच्यावर गावाचा दिवस उघडतो आणि मिटतो. ती नेली की आता वेळ आम्ही सांगणार, हे सगळ्यांना कळतं. पण नेणाऱ्यांनी ती वितळवली नाही. वरचा क्रूस घासून काढला नाही, मरियेच्या चित्रावर शेंदूर फासला नाही. शंकरासमोर टांगली आणि वाजवायला लागले. लुबेकच्या ज्या विटेरी चर्चचा वर उल्लेख केला, त्याच्या घंटा मार्च १९४२मधल्या बॉम्बहल्ल्यात जळत्या मनोऱ्यातून कोसळल्या. त्या आजही जिथे पडल्या तिथेच, फुटक्या, फरशीत रुतलेल्या ठेवल्या आहेत. त्या कधीच वाजणार नाहीत. वसईच्या वाजतात.

पोर्तुगीजांबरोबर युरोपियन पाद्रीही गेले. चर्च सांभाळायला गोव्याकडचे मोजके देशी पाद्री उरले. वसईचे सुभेदार झाले शंकराजी केशव फडके. चिमाजींनी वज्रेश्वरीला बोललेला नवस देऊळ बांधून पुरा करणारेही तेच. मराठ्यांच्या अमलात ख्रिस्ती लोकांचं काय झालं, याची एक साक्ष बाहेरच्या माणसाची आहे. आंकतील द्यु पेराँ हा फ्रेंच विद्वान पारशांचा धर्मग्रंथ शिकायला सुरतेला आला होता. १७६०मध्ये साष्टीतून जाताना त्यानं ठाण्याला सण साजरा करणारे हजारो ख्रिस्ती पाहिले. मिरवणूक, वाजंत्री, उघड्यावर विधी. हे मराठी सत्तेखाली चाललेलं पाहून त्याला नवल वाटलं. आपल्याला वाटू नये, पण वाटतं, हेही खरं.

कोटाच्या आत मात्र कळा उतरत गेली. ज्यांच्यासाठी ती घरं, ते मठ, ती मात्रिझ होती, ते लोकच निघून गेले होते. बाहेरच्यांना आत येऊन राहण्याचं कारण नव्हतं. त्यांची देवळं त्यांच्या गावात होतीच. छप्पर नसलेली भिंत कोकणच्या पावसात फार दिवस तग धरत नाही. १७८०च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डनं वसई घेतली, सालबाईच्या तहात ती परत आली. ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. ज्या गावानं पेशवाईची शान वाढवली, तिथेच तिच्या अखेरीवर सही झाली. १८१८नंतर सगळंच इंग्रजांचं. १८२५मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर इथे येऊन गेले तेव्हा त्यांना माणसांवाचून पडलेलं शहर आणि बिनछपराची चर्च दिसली. इंग्रजांनी जागा भाड्यानं दिली, आत ऊस लावला गेला, साखरेचा कारखाना काढायचे प्रयत्न झाले. मठांच्या भिंतींमध्ये उसाची कांडी! सरकारच्या दृष्टीनं ती पडीक जमीन होती.

तिच्याकडे इतिहास म्हणून पाहिलं ते एका गोवेकर डॉक्टरनं. जे. जेर्सन द कुन्हा मुंबईत वैद्यकी करायचे आणि उरलेल्या वेळात नाणी आणि शिलालेख गोळा करायचे. चौल-वसईवरचं त्यांचं पुस्तक १८७६मध्ये आलं. झाडझाडोरा बाजूला करून, थडग्यांवरची माती झटकून त्यांनी अक्षरं उतरवून घेतली. पेद्रू गाल्वांवचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्यामुळे. दर पावसाळ्यात दगड झिजतो, वहीतलं अक्षर झिजत नाही.

आता कोट पुरातत्त्व खात्याकडे आहे. जेझुइटांचं चर्च गोन्सालो गार्सियाच्या नावानं ओळखलं जातं आणि डागडुजी होऊन उभं आहे. चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. रविवारी क्रिकेट असतं, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी असतात. सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली लेहेंगा सावरत उभी असलेली मुलगी आणि ‘ताई, जरा वर बघा’ म्हणणारा फोटोग्राफर, हे दृश्य मी दोनदा पाहिलंय. हिंदी सिनेमावाल्यांनाही ही जागा फार आवडते. पडक्या भिंती त्यांना रंगवाव्या लागत नाहीत.

कोटाबाहेरचं जग मात्र थांबलं नव्हतं. पोर्तुगीजांनी पेरलेला धर्म त्यांच्या तटाबाहेर मराठीत रुजला. रेमेदियुसच्या मरियेची ‘रमेदी माता’ झाली आणि तिच्या दर्शनाला इतर धर्मांचे लोकही जाऊ लागले. निर्मळचं तीर्थ पुन्हा उभं राहिलं, कार्तिकात तिथे जत्रा भरते, आणि जत्रेपासून हाकेच्या अंतरावर निर्मळचं चर्च आहे. मिस्सा मराठीत होते. याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले, त्यांनी मराठीत बायबल आणलं, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले आणि २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

एक गंमत शेवटी सांगायची राहिली. कोटात फिरताना सेंट जोसेफला सगळे ‘कॅथेड्रल’ म्हणतात. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च, आणि पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांत वसईला स्वतंत्र बिशप कधी मिळालाच नाही. कारभार गोव्याहून चाले. वसईचं स्वतंत्र धर्मप्रांत म्हणून नाव लागलं ते १९९८च्या मे महिन्यात. थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. आता खरोखरीचं कॅथेड्रल हवं होतं. सेंट जोसेफचा मनोरा होता, पण त्याच्यामागे छप्पर नव्हतं. मान मिळाला तो पापडीच्या देवळाला, तटाच्या बाहेर.